तान्ह्या बाळाचा विमानप्रवास

बैहर-बालाघाटकडच्या आपल्या मराठी घरांतून मुलीने पहिल्या बाळंतपणाला माहेरी यावे, ही रीत अजून टिकून आहे. बदलले आहे ते मुलीचे सासर. पूर्वी ते गोंदिया, भंडारा, फार तर नागपूर येथे असे. आता जावई पुण्याला, हैदराबादला किंवा बंगळूरला नोकरीस असतात. काही परदेशीही असतात. सव्वा महिना सरतो, बारसे आटोपते आणि पाठवणीचे दिवस जवळ येतात. मग ओसरीवर एक वाद हटकून रंगतो. मुलगी म्हणते, विमानाने दोन तासांत पोहोचू. आजीबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला आभाळात नेऊ नये; त्याचे कान फुटतील, श्वास कोंडेल. आजोबा वर्तमानपत्राआडून दोन्ही बाजू ऐकतात आणि रेल्वेचे वेळापत्रक मागवतात.

हा वाद सुनेच्या हट्टाचा किंवा आजीच्या भित्रेपणाचा मानून सोडून देण्यासारखा नाही. त्यात एका जिवाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून या वेळी त्याविषयीच चार गोष्टी वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या भागाला विमान अगदीच परके नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाट जिल्हा ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर. त्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमाने उतरू लागली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्री तेथे एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या ठिकाणी परतत. त्यांतून थोडे प्रवासीही जात. परंतु लेकुरवाळीने विमानात बसावे, ही कल्पनाही त्या काळी आपल्या घरांना शिवली नव्हती. आपला प्रवास अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीचा. नैनपूर-बालाघाटवरून धावणारी ती गाडी २०१५ साली थांबली आणि तिच्या जागी मोठे रूळ आले. बैहरला मात्र ना ती गाडी होती ना ही. येथून कोठेही जायचे तर आधी रस्ता धरावा लागतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

प्रथम आजीबाईंच्या शंकांचा विचार करू. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवरून उडत असले तरी आतील हवा तितकी विरळ नसते. यंत्राने ती दाबून भरलेली असते आणि आतील दाब साधारणपणे सहा ते आठ हजार फूट उंचीच्या ठिकाणासारखा ठेवलेला असतो. आपल्या सातपुड्यातील सर्वांत उंच शिखर, पचमढीचे धूपगड, सुमारे साडेचार हजार फुटांचे आहे. म्हणजे विमानात बसणे हे धूपगडाच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर जाऊन बसण्यासारखे झाले. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला ही विरळ हवा काही तास सोसते. परंतु बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, त्याच्या हृदयात किंवा फुप्फुसात काही दोष असेल, रक्त कमी असेल, किंवा नुकतीच छाती भरलेली असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून तिकीट काढूच नये. जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत तर विमानप्रवास वर्ज्यच मानतात आणि निदान आठवडाभर थांबावे असे सांगतात. काही विमान कंपन्या अगदी थोड्या दिवसांच्या बाळालाही घेतात. पण कंपनी घेते म्हणून आपण न्यावेच असे नाही. बालरोगतज्ज्ञांचे मत शक्यतो दोन-तीन महिने थांबावे असे आहे. त्यामागे हवेच्या दाबापेक्षा गर्दीतील रोगराईची भीती अधिक आहे. आपल्या लसीकरणात जन्मवेळच्या लसींनंतरचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत येतात. निदान पहिला डोस, आणि जमल्यास दुसराही, बैहरलाच टोचून घेऊन मग निघावे. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरठा ओलांडू नये, या जुन्या दंडकात इतके शहाणपण निश्चितच होते.

आता कानांविषयी. कानाच्या पडद्यामागे एक लहानशी पोकळी असते व ती एका बारीक नळीने घशाशी जोडलेली असते. विमान वर चढते तेव्हा पोकळीतील हवा प्रसरण पावून त्या नळीवाटे सहज बाहेर पडते. उतरताना याच्या उलट घडते. बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो, आणि नळी उघडल्याखेरीज आत हवा शिरत नाही. ती नळी उघडते गिळण्याने किंवा जांभईने. मोठी माणसे घोट गिळतात, लिमलेटची गोळी चघळतात. बाळाची नळी अरुंद व जवळजवळ आडवी असते आणि त्याला मुद्दाम गिळणे ठाऊक नसते. म्हणून त्याला ठणका लागतो व ते रडते. रडण्यानेही नळी उघडते, तेव्हा ते रडणे सर्वस्वी वाईट नव्हे. उत्तम उपाय मात्र आजीबाईंचाच आहे: बाळाला पदराखाली घ्यावे. कुंचीच्या आत कापूस घालून कानाचा दाब सावरत नाही. अंगावर पाजण्याने सावरतो. पुष्कळ माता विमान सुटताना पाजतात आणि उतरताना बाळ झोपले म्हणून त्याला उठवीत नाहीत. वस्तुतः उतरण्याची वेळच अधिक महत्त्वाची. विमान भूमीला टेकण्यापूर्वी सुमारे अर्धा तास उतरणीला लागते. तेव्हा सुटतेवेळी बाळाला थोडी भूक ठेवून नेण्यापेक्षा उतरतेवेळी त्याला भूक लागेल असा हिशेब करावा. सर्दीने नाक चोंदलेले असेल तर डॉक्टरांना दाखवावे आणि जमल्यास प्रवास चार दिवस पुढे ढकलावा.

येथे एक इशारा देणे अगत्याचे वाटते. बाळाने वाटेत रडू नये म्हणून त्याला झोपेचे किंवा सर्दीचे गुंगी आणणारे औषध पाजण्याचा सल्ला कोणी हितचिंतक देतात. तो मुळीच मानू नये. गेल्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या माता मूल दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत असत. त्या बिचाऱ्यांना पोटासाठी दुसरा मार्ग नव्हता. दोन तासांच्या शांततेसाठी आपण नव्या बाटलीतून तीच गोळी द्यावी, याला काय म्हणावे? अशा औषधाने तान्ह्या मुलाचा श्वास मंदावू शकतो.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात सांगतो. दोन वर्षांखालील मूल आईबापांच्या मांडीवर बसते, त्याचे भाडे अल्प असते आणि एका मोठ्या माणसामागे एकच तान्हे मूल नेता येते. दोन वर्षे पूर्ण होताच वेगळी जागा घ्यावी लागते. जाताना मूल पावणेदोन वर्षांचे आणि परतताना दोन वर्षांचे झालेले असेल, तर परतीला त्याची जागा काढावीच लागेल. वयाचा पुरावा जवळ हवा. कायद्याप्रमाणे जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. ती करून दाखला घ्यावा. दाखल्यावर एक नाव, बारशाचे दुसरे आणि तिकिटावर लाडाचे तिसरे, असा घोटाळा होऊ देऊ नये. बाळाचे दूध, पेज, उकळलेले पाणी प्रवासापुरते बरोबर नेण्यास तपासणीत हरकत घेत नाहीत, मात्र ते आपण होऊन दाखवावे. जुळी मुले असतील तर एकाच रांगेत शेजारी-शेजारी मांडीवर घेऊन बसता येत नाही. याचे कारण असे की, संकटकाळी वरून सुटणारे प्राणवायूचे मुखवटे प्रत्येक रांगेत आसनांपेक्षा बहुधा एकच अधिक असतात. आणि तो मुखवटा सुटलाच, तर आईने आधी स्वतःला लावावा, मग बाळाला. आपल्या मातांना हे निष्ठुर वाटते; पण आईचीच शुद्ध हरपली तर बाळाला मुखवटा लावणार कोण?

यापुढचा प्रश्न मांडीचा. आईची मांडी ही बाळाची सर्वांत सुरक्षित जागा, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात सू सिटी येथे एक मोठे विमान निकामी होऊन आदळले. त्यात मांडीवरची चार मुले होती. आदळण्यापूर्वी, त्या वेळच्या नियमाप्रमाणे, त्यांना पायांशी जमिनीवर ठेवून धरण्यास सांगण्यात आले. त्या हिसक्यात आईबापांच्या हातांनी त्यांना धरून ठेवणे अशक्य होते. चारांपैकी एक मूल दगावले. विमानातील प्रमुख सेविका जॅन ब्राऊन या बचावल्या आणि त्यानंतर लहान मुलांनाही स्वतंत्र, बांधलेले आसन मिळावे यासाठी त्या वर्षानुवर्षे झगडल्या. तरीही अमेरिकी सरकारने तशी सक्ती केली नाही. तेथील विमानखात्याने १९९५ मध्ये दिलेले कारण विचार करण्याजोगे आहे. मुलाचे वेगळे तिकीट काढावे लागले, तर पुष्कळ कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्त्यावर विमानापेक्षा किती तरी अधिक मुले मरतील, असा तो हिशेब होता.

बैहरच्या आजीबाईंपुढे आम्हाला नेमका हाच हिशेब मांडावयाचा आहे. बैहरहून नागपूर असो, जबलपूर असो की रायपूर, विमानतळ गाठायचा तर कित्येक तासांचा रस्ता तुडवावा लागतो. गोंदियाजवळचे बिरसी त्या मानाने जवळ. तेथून मार्च २०२२ मध्ये प्रवासी विमाने सुटू लागली, ती मध्यंतरी बंद पडली आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. तेव्हा आधी चौकशी करूनच बेत ठरवावा. कोणत्याही दिशेने निघा, वाट जंगलाची, घाटाच्या वळणांची. समोरून मालमोटारी, मध्येच आडवे येणारे जनावर. अशा रस्त्यावर भाड्याच्या जीपमध्ये पुढल्या आसनावर आईच्या मांडीवर बाळ असते, आणि कोणाच्याही मनात शंका येत नाही. सारे घर भितीने पाहते ते आभाळाकडे!

ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर पाच किलोचे बाळ त्या क्षणी सुमारे सत्तर किलोंच्या जोराने हातांतून निसटू पाहते. इतका भार अचानक पेलील असा हात कोणत्या आईचा आहे? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांचे खास आसन असणे बंधनकारक केले आहे आणि न केल्यास एक हजार रुपये दंड ठेवला आहे. दंडाची भीती जंगलवाटेवर कोण बाळगतो, हे आम्ही जाणतो. म्हणून कायद्याचा नव्हे, बाळाचा विचार करावा. बारशाला चांदीचे वाळे, दुपटी, झबली यांचा ढीग जमतो. मामाने यंदा त्याऐवजी मोटारीतील बाळाचे आसन आणावे. ते मागील आसनावर, बाळाचे तोंड गाडीच्या मागील बाजूस येईल असे पट्ट्याने बांधावे. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून बाळाला मोकळे करावे, पाजावे, आईनेही चार पावले चालावीत. निघावे ते दिवसाउजेडी. सकाळचे विमान असेल तर आदल्या दिवशी नागपूर गाठून महालात किंवा धरमपेठेत कोणा मावशी-आत्याकडे रात्र काढावी. तसे नातलग आपल्यापैकी बहुतेकांना आहेत, आणि बाळ पाहून त्यांना आनंदच होईल. रात्रीचा रस्ता मात्र टाळावा.

शेवटी सहप्रवाशांविषयी. आगगाडीच्या डब्यात मूल रडू लागले की समोरच्या बाकावरच्या काकू त्याला मागून घेत, कोणी खुळखुळा वाजवी, कोणी शेंगदाण्याची पुडी पुढे करी. विमानात तसे घडत नाही. एका मोठ्या भारतीय कंपनीने २०१६ पासून काही रांगा बारा वर्षांखालील मुलांना वर्ज्य केल्या. एका जपानी कंपनीने २०१९ मध्ये आसनांच्या नकाशावर तान्ही मुले कोठे बसली आहेत हे दाखवणारी खूण सुरू केली. ज्याला झोप हवी त्याची अडचण आम्ही अमान्य करीत नाही. परंतु रडणाऱ्या बाळाच्या आईने भोवतालच्या कपाळांवरील आठ्या मोजत अपराध्यासारखे बसावे, हे काही योग्य नव्हे. ते मूल दुखते म्हणून रडते आहे आणि ते दुखणे दहा-पंधरा मिनिटांत थांबणार आहे. शेजारी बसण्याचा योग आपल्याला आला, तर त्या आईची पिशवी वरून काढून द्यावी, बाटली धरावी, निदान हसून पाहावे.

ओसरीवरच्या वादाचा निकाल आमच्या मते असा. सुदृढ बाळ दोन-अडीच महिन्यांचे झाले, लस टोचली, डॉक्टरांनी मान डोलावली, तर मुलीने खुशाल विमानाने जावे. आजीबाईंनी आपली काळजी टाकू नये. ती फक्त आभाळावरून काढून बैहर ते विमानतळ या रस्त्यावर ठेवावी. आणि आजोबांनी वेळापत्रक मिटून गाडीवाल्याला बजावावे की, गाडी सावकाश हाकायची आहे, तान्हे बाळ बरोबर आहे.