व्हॉल्व्ह फुकट बसला, पुढचं कोण बघणार?



परवा सकाळी बोरीच्या स्टँडवर आमच्या नात्यातल्या एक वहिनी भेटल्या. "कुठं निघालात?" म्हणलं. "परभणीला, रक्त तपासायला."

चार वर्षांखाली त्यांच्या हृदयात मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसला. लहानपणीच्या सांधेतापानं झडप खराब झालेली. ऑपरेशन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं, घरचा पैसा लागला नाही. या योजनेनं गरिबांचे जीव वाचवले, हे मान्यच करायला पाहिजे.

पण खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू होते. हा व्हॉल्व्ह सहसा झिजत नाही, वीस-तीस वर्षं चालतो. धोका असतो तो रक्ताच्या गाठीचा. गाठ झाली तर व्हॉल्व्ह अडकतो, नाहीतर लकवा मारतो. म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. ती जास्त झाली तर रक्तस्राव. गोळी बरोबर बसते का, हे 'आयएनआर' तपासणीत कळतं. डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेला हा आकडा साधारण २.५ ते ३.५ लागतो. सगळं ठीक असलं तरी महिन्याला तपासणी आलीच.

वहिनींची मागं दोन महिने तपासणी चुकली. आकडा १.४ वर आला. डॉक्टर रागावले. मी पण रागावलो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, एसटीला अर्धं तिकीट आहे हो, पण कापूस येचायच्या दिवसात रोज बुडतो, तो कोण देतं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं.

१९९० साली तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचा देशी व्हॉल्व्ह पहिल्यांदा रुग्णाला बसवला गेला. एवढं जमणाऱ्या देशाला खेड्यात आयएनआर तपासणं जमू नये? शुगरसारखी बोटाच्या थेंबावर तपासणारी मशीन आहे. ती आपल्या भागातल्या सरकारी दवाखान्यात द्या. नसेल जमत, तर रक्त इथं घ्या आणि रिपोर्ट फोनवर कळवा. आशाताईंकडं शुगर-बीपीची यादी असते, त्यात व्हॉल्व्हचे पेशंट पण घ्या. लाखोंचं ऑपरेशन करायचं आणि शेकड्यातल्या तपासणीसाठी पेशंट गमवायचा, हा कुठला हिशोब?

तोवर घरच्यांनी एवढं पाळा: गोळी चुकवू नका. मेडिकलवरून मनानं पेनकिलर, अँटिबायोटिक घेऊ नका. मेथी-पालक बंद करू नका, पण एकदम कमी-जास्त पण नको. दात काढायच्या आधी व्हॉल्व्ह आहे म्हणून सांगा. लेकी-सुनांनी दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांना विचारा, कारण ही गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते.

तुमच्या गावात असे पेशंट असतील तर कमेंटमध्ये फक्त गाव आणि संख्या लिहा, नाव नको. आकडा जमला की निवेदन घेऊन जाऊ. मी येतो, तुम्ही पण या.