कॅल्शियमची गोळी आणि बोअरचे पाणी

चाळिशी-पन्नाशीत कंबर, गुडघे किंवा मान धरली की आपल्याकडे निदान दवाखान्याची पायरी चढण्याआधीच झालेले असते: वात, झीज, नाहीतर कॅल्शियम कमी. यातले कोणतेही उत्तर सरसकट चूक नाही. पण शेवटची दोन एकाच गृहीतकावर उभी आहेत, ते म्हणजे शरीरात काहीतरी कमी पडले आहे आणि ते बाहेरून भरून काढता येते. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या खनिजांच्या गोळ्यांचा सगळा व्यवहार या तुटीच्या हिशेबावर चालतो. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर आणि झरी जामणी, नांदेडमधील किनवट, चंद्रपूर जिल्ह्याचा काही भाग अशा ठिकाणी मात्र तो हिशेब अपुरा ठरतो. तिथल्या सांधेदुखीच्या एका हिश्शामागे खनिजाचा अतिरेक आहे आणि हे खनिज, म्हणजे फ्लोराइड, हातपंपातून येते.

हाडाचा खनिज भाग मुख्यतः हायड्रॉक्सीॲपेटाइटचा, म्हणजे कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल यांच्या स्फटिकांचा असतो. फ्लोराइडचा आयन आकाराने व विद्युतभाराने हायड्रॉक्सिलच्या इतका जवळचा आहे की स्फटिकात तो सहज त्याची जागा घेतो. असा बदललेला स्फटिक कमी विद्राव्य असतो, त्यामुळे हाडाच्या नित्य चालणाऱ्या झिजणी-भरणीचा तोल ढळतो. शिवाय हाड घडवणाऱ्या पेशींना फ्लोराइड स्वतःच चेतवते. परिणामी हाड एक्स-रेमध्ये घट्ट दिसते, पण त्याची बांधणी विस्कळीत आणि ठिसूळ असते. सांध्यांच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, जिथे हाड तयार व्हायला नको तिथेही कॅल्शियम साचू लागते: मणक्यांचे अस्थिबंध, कंडरांची टोके आणि कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांमधला पातळ पडदा. हाताच्या एक्स-रेमध्ये या दोन हाडांमधली जागा एरवी स्वच्छ काळी असते. फ्लोरोसिसच्या, म्हणजे फ्लोराइडच्या अतिरेकाने होणाऱ्या या रोगाच्या, रुग्णात तिच्या कडेने पांढरी, दातेरी रेघ उमटते. रोगाची ही जवळजवळ स्वाक्षरीच म्हणायची. अडचण एवढीच की गुडघे दुखतात म्हणून आलेल्या माणसाच्या हाताचा एक्स-रे सहसा कोणी काढत नाही, आणि गुडघ्याच्या एक्स-रेत वयानुसार झालेली थोडी झीज हमखास सापडते.

चुकीचे निदान इथे केवळ निरुपयोगी राहत नाही. शरीरातले फ्लोराइड बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग मूत्रपिंडाचा आहे. ताठरलेल्या कंबरेवर महिनोन्महिने, अनेकदा चिठ्ठीशिवाय, घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. मूत्रपिंडाची क्षमता घटली की तेवढ्याच पाण्यातून अधिक फ्लोराइड शरीरात राहते. हाडांतला साठा वाढतो, दुखणे वाढते आणि गोळ्याही वाढतात. या चक्रात रोग्याचा, औषधविक्रेत्याचा किंवा डॉक्टरचा हेतू वाईट असण्याची गरजच नाही. रुग्ण कोणते पाणी पितो हा एक प्रश्न विचारायचा राहिला, एवढे पुरते.

हे पाणी आले कुठून, याचे उत्तर आपल्या एका रास्त धोरणात आहे. उघड्या विहिरी आणि पायऱ्यांच्या बारवा यांच्या पाण्याने कॉलरा, हगवण आणि नारू पसरत होते. 1972च्या दुष्काळानंतर कठीण खडकात विंधन विहिरी घेण्याला महाराष्ट्रात वेग आला आणि बंदिस्त हातपंपाचे पाणी जंतूंच्या बाबतीत खरोखरच सुरक्षित होते. सन 2000मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला, त्यात या पंपांचा वाटा नाकारता येणार नाही. पण सुरक्षिततेची कसोटी तेव्हा जंतूंची होती, खडकाच्या रसायनाची नव्हती. ग्रॅनाइट आणि पट्टिताश्मांसारख्या जुन्या खडकांतील बायोटाइट, ॲपेटाइट, फ्लोराइट या खनिजांत फ्लोराइड असते. पाणी जितके खोल आणि जितका काळ त्या खडकाच्या संपर्कात राहते, तितके फ्लोराइड त्यात अधिक विरघळण्याची शक्यता असते. उथळ विहिरीला दरवर्षी ताजा पाऊस मिळतो, खोल भेगांतल्या पाण्याला तो मिळत नाही. पातळी खाली गेली म्हणून बोअर आणखी खोल नेणारा शेतकरी, त्याला कल्पना नसताना, जुन्या पाण्याकडे जात असतो.

आता कॅल्शियमकडे परत येऊ. कॅल्शियम आणि फ्लोराइड एकत्र आले की कॅल्शियम फ्लोराइड हे अल्पविद्राव्य संयुग बनते. म्हणून ज्या भूजलात कॅल्शियम भरपूर असते तिथे फ्लोराइडला वर चढायला मर्यादा पडते, आणि जिथे ते कमी, सोडियम व बायकार्बोनेट जास्त, तिथे फ्लोराइड मोकळे राहते. असे पाणी मृदू असते. त्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो आणि फ्लोराइडला स्वतःची चव नसल्यामुळे ते ‘गोडे पाणी’ म्हणून पसंतही केले जाते. खडकात चालणारे हेच रसायन पुढे माणसाच्या आतड्यात चालते. जेवणात पुरेसे कॅल्शियम असेल तर काही फ्लोराइड तिथेच बांधले जाऊन विष्ठेवाटे जाते. नसेल तर बहुतेक शोषले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020मध्ये प्रौढांसाठी दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. भाकरी, आमटी आणि बिनदुधाचा चहा असलेल्या ताटात त्याच्या निम्मेही मिळणे अवघड. चहात पुन्हा फ्लोराइड असतेच. त्यामुळे कॅल्शियमच्या गोळीला इथे अर्थ नाही असे म्हणता येत नाही. जेवणासोबत घेतली तर ती थोडा आडोसा देते. पण ती ज्या पेल्यातल्या पाण्याने गिळली जाते तो पेला बदलला नाही, तर फार काही साधत नाही.

तूट आणि अतिरेक एकाच शरीरात एकत्र नांदतात, याचा धडा 1973 सालीच मिळाला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी नलगोंडा भागातील मुलांत गुडघे आत वळण्याची विकृती नोंदवली. त्यात फ्लोराइडबरोबर विरळ झालेली हाडेही होती. पुढे ज्वारीतील मॉलिब्डेनम आणि त्यामुळे वाढणारे तांब्याचे उत्सर्जन यांच्याकडेही बोट दाखवले गेले. तो दुवा निर्विवाद मानता येत नाही. मात्र खनिजे एकेकटी मोजून भागत नाही, इतके त्यातून पक्के होते.

मानकांचे काय? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकार्य आहे आणि पर्यायी स्रोत नसल्यास 1.5पर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आढाव्यानुसार सर्व मार्गांनी मिळून दिवसाला सुमारे 6 मिलिग्रॅमच्या पुढे हाडांवरील दुष्परिणामांचा धोका वाढत असल्याचे संकेत मिळतात आणि 14ला तो स्पष्ट होतो. कार्यालयात बसून दोन लिटर पाणी पिणाऱ्याला 1.5च्या पाण्यातून 3 मिलिग्रॅम मिळतात. मे महिन्यात विदर्भात रोजंदारीवर राबणारी बाई पाच लिटर सहज पिते. तिला त्याच, कागदोपत्री चालण्याजोग्या पाण्यातून साडेसात मिळतात, शिवाय शिजवलेल्या अन्नातले आणि चहातले वेगळे. मर्यादा लिटरला लावली जाते, हाड मात्र दिवसभराची बेरीज मोजते.

उपाय आहेत, आणि बहुतेक अर्धवट वापरले जातात. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होते. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना मोजून घालावा लागतो. मात्रा चुकली की उपयोग घटतो आणि गाळाची विल्हेवाट उरते. आरओ यंत्र फ्लोराइड काढते, पण सोबत कॅल्शियमही. नदी-धरणाचे पाणी नळाने आणणे हा सर्वांत भक्कम मार्ग, पण उन्हाळ्यात योजना बंद पडली की गाव पुन्हा त्याच हातपंपाकडे वळते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत माणशी पाणी सर्वाधिक लागते.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती विलंबाची. वाढत्या वयातले हाड शोषलेल्या फ्लोराइडचा फार मोठा भाग धरून ठेवते, प्रौढाचे साधारण निम्मा. आणि एकदा हाडात गेलेले फ्लोराइड बाहेर पडायला वर्षे, कधी दशके लागतात. कॅल्शियम साठून ताठरलेला अस्थिबंध पुन्हा लवचीक करणारे औषध नाही. म्हणजे आज शाळेच्या आवारातल्या पंपावर पाणी पिणाऱ्या मुलाची पाठ ताठरेल ती पंचविसाव्या-तिसाव्या वर्षानंतर, कदाचित पुण्या-मुंबईत, जिथे त्याच्या गावच्या पाण्याबद्दल विचारण्याचे डॉक्टरला कारणच दिसणार नाही. मधल्या काळात खूण असते ती त्याच्या दातांवरच्या खडूसारख्या किंवा तपकिरी आडव्या पट्ट्यांची, आणि मोठ्या माणसांत तीन फुकटच्या चाचण्यांची: गुडघे न वाकवता बोटे पायाच्या अंगठ्याला लागतात का, हनुवटी छातीला टेकते का, दोन्ही हात डोक्यामागे नेता येतात का. तिन्हींना मिळून दोन मिनिटे लागतात. उत्तर नकारार्थी आले तर कॅल्शियमच्या आधी लघवीतले आणि पाण्यातले फ्लोराइड तपासावे. पाण्याचा नमुना पावसाळ्यानंतरच्या सोयीच्या महिन्यातच न घेता एप्रिल-मेमध्येही घ्यावा, कारण त्या दोन नमुन्यांचे आकडे सारखे असतील असे गृहीत धरता येत नाही.