नाव लिहायचं नाही, पण नाव कळतं का?

हॉस्टेलच्या मेसबद्दल मत नोंदवायला आपल्याच काही पोरांनी पायथनमध्ये छान डॅशबोर्ड केलाय. वर ठळक अक्षरात लिहिलंय, 'नाव लिहायची गरज नाही'. कल्पना झकास! पण मित्रांनो, नाव विचारलं नाही म्हणजे नाव कळतच नाही, असं आहे का? माझं स्पष्ट मत आहे की नाही. आणि हे बनवणाऱ्यांनी सांगायला हवं.

ब्राउझर सर्व्हरकडे काही मागतो, त्याला रिक्वेस्ट म्हणतात. ही रिक्वेस्ट रिकाम्या हाताने जात नाही. कुठल्या आयपीवरून आली, ब्राउझर कोणता, कुकी कोणत्या, सगळं सोबत जातं. डॅश मुळात फ्लास्कवर उभं आहे. तुम्ही बटण दाबलं की कॉलबॅक चालतो, म्हणजे सर्व्हरकडे एक पोस्ट रिक्वेस्ट जाते. त्यामुळे कॉलबॅकच्या आत फ्लास्कचं 'रिक्वेस्ट' इम्पोर्ट करून एका ओळीत आयपी वाचता येतो. तीच ओळ कॉलबॅकबाहेर, फाईलच्या सुरुवातीला लिहिली तर एरर येते, कारण तेव्हा कोणी काही मागितलेलंच नसतं! स्ट्रीमलिटमध्येही २०२४ पासून 'कॉन्टेक्स्ट'मधून हेडर आणि कुकी मिळतात.

यात वाईट काही नाही. लॉगिन तपासायला, बिघाड शोधायला ही माहिती लागतेच. प्रश्न आहे तो ती साठवण्याचा.

कोणी म्हणेल, "आम्ही आयपी साठवतच नाही." मान्य! पण पुढे एनजिनएक्स असेल तर त्याचा लॉग आपोआप लिहिला जातो: आयपी, वेळ, ब्राउझर. आणि तुमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक मतापुढे सेकंदासकट वेळ आहे. दोन्ही वेळा जुळवा, आयपी मिळाला. सर्व्हर कॅम्पसच्या आत असेल आणि इंटरनेटला रोल नंबरने लॉगिन करावं लागत असेल, तर आयपीवरून माणूस मिळायला कितीसा वेळ? मेस कंत्राटदाराविरुद्ध लिहिणारा फर्स्ट इयरचा पोरगा मात्र 'नाव नाही' यावर विश्वास ठेवून बसलेला!

दुसरी बाजूही ऐकू. "एकच जण वीस वेळा मत टाकतो, म्हणून आयपी पाहिजे." पण त्याने काम होतच नाही. सर्व्हर बाहेर क्लाउडवर असेल तर अख्खं हॉस्टेल एकाच आयपीवरून आल्यासारखं दिसू शकतं. मध्ये प्रॉक्सी असेल तर फ्लास्कला प्रॉक्सीचाच पत्ता दिसतो. मग लोक 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' हे हेडर वाचतात, पण ते कोणीही हाताने लिहून पाठवू शकतो. आपला प्रॉक्सी ते नीट भरतो याची खात्री असेल, तरच वेर्कझॉइगचं 'प्रॉक्सीफिक्स' लावून त्यावर भरवसा ठेवावा. थोडक्यात, ज्याला लबाडी करायची तो सुटतो आणि साधा सरळ पोरगा सापडतो. त्यापेक्षा प्रत्येकाला एकदाच चालणारी चिठ्ठी द्या. कोणती चिठ्ठी कोणाला गेली याची नोंद ठेवू नका.

माझ्या मागण्या तीनच. एक, रिक्वेस्टमधून काय घेतो ते स्क्रीनवर मराठीत लिहा. दोन, मतापुढे फक्त तारीख ठेवा, घड्याळ नको. तीन, लॉग कोण बघू शकतो आणि किती दिवसांनी पुसतात, ते नोटीस बोर्डावर लावा. देशात २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, पण या तीन गोष्टींना कायदा कशाला पाहिजे? प्रोजेक्ट करणाऱ्यांची एक संध्याकाळ पुरे.

स्टाफलाही नम्र विनंती: "हे कोणी लिहिलं?" असं या पोरांना विचारू नका. एकदा एक नाव बाहेर पडलं, की पुढच्या सेमिस्टरला सगळेच 'जेवण उत्तम' लिहितील आणि वरण आहे तसंच पातळ राहील. बघा, पटतंय का!