हमी कोणाची, तिजोरी कोणाची?

महाराष्ट्रात जन्मलेली आणि पुढे देशाने स्वीकारलेली रोजगार हमी आज केंद्र-राज्य संबंधांच्या कात्रीत सापडली आहे. आपल्या संघराज्यात राज्य सरकारांच्या हाती नेमके काय उरले आहे, हे या एका योजनेच्या प्रवासातून दिसते.

मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने पश्चिम बंगालला मिळणारा ‘मनरेगा’चा निधी थांबवला. त्यासाठी आधार घेतला तो कायद्याच्या कलम २७ चा. निधीच्या गैरवापराची तक्रार आली तर चौकशी करण्याचा, आवश्यक वाटल्यास पैसे रोखण्याचा आणि वाजवी मुदतीत दुरुस्तीचे उपाय योजण्याचा अधिकार हे कलम केंद्राला देते. काही जिल्ह्यांत केंद्रीय पथकांना गैरव्यवहार आढळले होते, हे खरे आहे. परंतु ‘वाजवी मुदत’ किती असावी, याचे उत्तर कायद्यात नाही. ती तीन वर्षांहून अधिक लांबली. जून २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने सांगितले की, चौकशी जरूर चालू ठेवा, दोषींकडून वसुली करा. मात्र त्यासाठी संपूर्ण योजना अनिश्चित काळ बंद ठेवता येणार नाही आणि १ ऑगस्टपासून ती पुन्हा सुरू करावी. केंद्राने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती याचिका फेटाळली गेली.

या काळात दोन सरकारे परस्परांवर आरोप करत राहिली. केंद्र म्हणाले, राज्याने हिशेब दिला नाही. राज्य म्हणाले, केंद्राने राजकीय सूड उगवला. दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य असेल. पण ज्याने तळे खोदले, बांध घातला आणि ज्याची मजुरी थकली, त्याचा या वादाशी काहीही संबंध नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने सुमारे २१ लाख मजुरांची थकबाकी स्वतःच्या तिजोरीतून देण्याची घोषणा केली. केलेल्या कामाचे दाम मिळण्यासाठी या मजुरांना दोन वर्षे वाट पाहावी लागली होती आणि ज्या कायद्याने त्यांना ती मजुरी देण्याचे वचन दिले होते, तो या संपूर्ण काळात अस्तित्वात होता.

तासगाव ते दिल्ली

या प्रसंगाचा अर्थ लागण्यासाठी रोजगार हमीच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते. सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात १९६५ मध्ये वि. स. पागे यांच्या कल्पनेतून एक छोटा प्रयोग झाला. मागेल त्याला काम द्यायचे, एवढेच त्याचे सूत्र होते. १९७२ च्या दुष्काळाने या कल्पनेला निकड दिली. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्याचे मोल त्याच्या हेतूत जितके होते, तितकेच त्याच्या अर्थव्यवस्थेत होते. महाराष्ट्राने त्यासाठी केंद्राकडे हात पसरला नाही. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला, त्याला आणखी काही करांची जोड दिली आणि जमा होणाऱ्या रकमेइतकीच भर सरकारी तिजोरीतून घालण्याचे ठरवले. शहरातील पगारदारांच्या वेतनातून कापला जाणारा पैसा दुष्काळी गावातील मजुराच्या हाती पोहोचत होता. योजनेत भ्रष्टाचार झाला, बनावट हजेरीपट निघाले, कामे रेंगाळली. पण जाब कोणाला विचारायचा, याबद्दल कोणाच्याही मनात संदेह नव्हता. मोर्चा निघे तो तहसील कचेरीवर आणि प्रश्न विचारला जाई तो विधानसभेत.

संसदेने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा सुमारे तीन दशकांचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. शालेय मध्यान्ह भोजनाची कथाही अशीच आहे. कामराज यांनी तमिळनाडूत १९५६ मध्ये ते सुरू केले, एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये त्याचा विस्तार केला आणि १९९५ मध्ये ते राष्ट्रीय योजनेचा भाग झाले. केंद्राचा माहिती अधिकार कायदा येण्याच्या आठ वर्षे आधी, १९९७ मध्ये, तमिळनाडू व गोव्याने स्वतःचे कायदे केले होते. भारतातील लोककल्याणाच्या अनेक मोठ्या कल्पना दिल्लीत जन्मलेल्या नाहीत. त्या कुठल्याशा राज्याने स्वतःच्या जबाबदारीवर करून पाहिल्या आणि त्यांतील ज्या टिकल्या, त्या देशाने उचलल्या.

पैशाची वाट

असा प्रयोग आज एखाद्या राज्याला करता येईल का? घटनेने कोणतीही मनाई केलेली नाही. अडचण आहे ती पैशाची. ज्या व्यवसाय कराच्या बळावर महाराष्ट्राने रोजगार हमी उभारली, त्याची कमाल मर्यादा घटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती वर्षाला २,५०० रुपये करण्यात आली. तेव्हापासून पगार अनेक पटींनी वाढले. मर्यादा मात्र तिथेच आहे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा राज्यांनी मूल्यवर्धित कर, प्रवेश कर यांसारखे आपले प्रमुख कर सोडून दिले. त्या बदल्यात त्यांना परिषदेत जागा मिळाली. या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आहे. निर्णयाला मात्र तीन चतुर्थांश मते लागतात. याचा अर्थ असा की, सगळी राज्ये एकत्र आली तरी केंद्राच्या संमतीवाचून काही ठरू शकत नाही. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. पण सामायिक करप्रणालीतून एकटे बाहेर पडणे राज्याला व्यवहारात शक्य नसते.

उरतो तो केंद्रीय करांतील वाटा. चौदाव्या वित्त आयोगाने तो ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला. जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यानंतर पंधराव्या आयोगाने तो ४१ टक्के केला. हे आकडे उदार दिसतात. पण उपकर आणि अधिभार या वाटणीत धरले जात नाहीत आणि केंद्राच्या एकूण करमहसुलातील त्यांचे प्रमाण २०११-१२ मधील दहा टक्क्यांच्या आसपासवरून २०२०-२१ पर्यंत सुमारे वीस टक्क्यांवर गेले. त्यामुळे कागदावरील ४१ टक्के आणि राज्यांच्या हाती येणारी रक्कम यांत अंतर पडत जाते.

यानंतर जो पैसा येतो, तो केंद्रपुरस्कृत योजनांमधून आणि अटींसह येतो. तमिळनाडूने ‘पीएम श्री’ शाळांच्या करारावर सही करण्यास नकार दिला, तेव्हा ‘समग्र शिक्षा’चा २०२४-२५ चा निधी अडला आणि राज्याला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. तीन भाषा शिकवाव्यात की दोन, यावर मतभेद असू शकतात. परंतु एका योजनेतील मतभेदासाठी दुसऱ्या योजनेतील मुलांचे पैसे रोखणे, याला धोरण म्हणणे कठीण आहे.

साठ आणि चाळीस

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘मनरेगा’ची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. ‘व्हीबी-जी राम जी’ या नावाने तो ओळखला जातो. कामाचे हमी दिवस १०० वरून १२५ करण्यात आले, ही त्यातील स्वागतार्ह गोष्ट. बदलले आहे ते खर्चाचे गणित. जुन्या कायद्यात अकुशल मजुरीचा संपूर्ण भार केंद्रावर होता. आता बहुतांश राज्यांना एकूण खर्चाच्या ४० टक्के वाटा उचलावा लागेल. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी तो १० टक्के आहे. दरवर्षी कोणत्या राज्याला किती निधी, याचे प्रमाण केंद्र ठरवणार आणि त्यापलीकडे खर्च झाला, तर तो राज्याने सोसायचा.

राज्यांनी आर्थिक जबाबदारी घेतली पाहिजे, या म्हणण्यात चूक काही नाही. महाराष्ट्राने ती एकेकाळी पूर्णतः घेतली होती. पण जबाबदारीबरोबर निर्णयाचा अधिकारही यावा लागतो. येथे खर्चाचा मोठा भाग राज्याकडे सरकला आहे, तर नियम, निधीची मर्यादा आणि तो रोखण्याची चावी केंद्राकडेच राहिली आहे. दुष्काळी वर्षात कामाची मागणी दुप्पट झाली, तर काय करायचे, हे त्या राज्याच्या तिजोरीवर अवलंबून राहील. संपन्न राज्ये कदाचित निभावून नेतील. ज्या बिहारला आणि झारखंडला या कामाची सर्वाधिक गरज आहे, त्यांनाच चाळीस टक्के उभे करणे सर्वाधिक जड जाईल. म्हणूनच राज्यांच्या अधिकारांचा प्रश्न केवळ दक्षिणेच्या तक्रारीचा विषय मानणे चुकीचे ठरेल.

येथे एका जुन्या अहवालाची आठवण करून द्यायला हवी. २०१५ मध्ये निती आयोगाने केंद्रपुरस्कृत योजनांच्या फेररचनेसाठी मुख्यमंत्र्यांचा उपगट नेमला होता. त्याने बहुतेक योजनांसाठी ६०:४० हे प्रमाण सुचवले. मात्र ‘मनरेगा’सह सहा योजनांना सर्वोच्च प्राधान्य देऊन त्यांची खर्चविभागणी आहे तशीच ठेवावी, असे म्हटले. त्या उपगटाचे निमंत्रक होते मध्य प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान. दहा वर्षांनी केंद्रीय ग्रामविकासमंत्री म्हणून नवा कायदा संसदेत मांडला तो त्यांनीच. व्यक्तीला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. भोपाळमध्ये बसून जे दिसते, ते दिल्लीत बसल्यावर दिसेनासे होते, हा सर्वच पक्षांचा अनुभव आहे. निवडून आलेली राज्य सरकारे अनुच्छेद ३५६ च्या आधारे बरखास्त करण्याचा पायंडा काँग्रेसने पाडला, जनता पक्षाने १९७७ मध्ये तो गिरवला आणि १९९४ च्या बोम्मई निकालानंतरच त्याला आळा बसला.

मतदाराचा प्रश्न

घटनाकारांनी प्रबळ केंद्र जाणीवपूर्वक निवडले. फाळणीच्या छायेत, संस्थानांच्या विलीनीकरणाच्या काळात त्यांना दुसरा मार्ग सुरक्षित वाटला नाही. गरीब राज्यांकडे संपत्ती वळवण्यासाठीही केंद्र समर्थ असावे लागते. त्यामुळे केंद्र दुबळे करा, अशी मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. अपेक्षा एवढीच आहे की, मतदाराला कोणाला जाब विचारायचा, हे कळावे. बंगालच्या मजुराने मजुरीसाठी कोणाविरुद्ध मत द्यायचे होते? पैसे रोखणाऱ्याविरुद्ध की हिशेब न देणाऱ्याविरुद्ध? जिथे दोन सरकारे एकमेकांकडे बोट दाखवू शकतात, तिथे लोकशाहीतील शिक्षा आणि बक्षीस दोन्ही निष्प्रभ होतात.

हा निकष राज्यांनाही लावला पाहिजे. दिल्लीच्या केंद्रीकरणाबद्दल बोलणारी राज्य सरकारे आपल्या ग्रामपंचायतींना आणि महापालिकांना काय देतात? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. जवळपास चार वर्षे देशातील सर्वात श्रीमंत महापालिका प्रशासकाच्या हाती होती. जे राज्य खाली अधिकार देत नाही, त्याचा वर अधिकार मागताना आवाज क्षीण होतो.

तरीही दुरुस्तीच्या काही वाटा उघड्या आहेत. निधी रोखण्याला कायद्यानेच निश्चित मुदत घालावी आणि केलेल्या कामाची मजुरी कोणत्याही चौकशीत रोखली जाऊ नये. राज्यनिहाय निधीचे निकष राज्यांशी चर्चा करून ठरवावेत. त्यासाठी घटनेने आंतरराज्य परिषद दिलेली आहे. तिची बैठक जुलै २०१६ नंतर झालेली नाही, ती बोलवावी. उपकर-अधिभारांना मर्यादा घालावी किंवा त्यापुढील रक्कम वाटणीत आणावी. आणि १९८८ पासून गोठलेली व्यवसाय कराची मर्यादा वाढवावी, म्हणजे ज्या राज्याला आपल्या मतदारांसाठी काही वेगळे करायचे आहे, त्याला ते स्वतःच्या पैशाने करता येईल.

तासगावातील प्रयोगाला कोणाची परवानगी लागली नव्हती. तो फसला असता, तर एका राज्याचे नुकसान झाले असते. तो यशस्वी झाला म्हणून देशाला एक कायदा मिळाला. पुढचा असा प्रयोग कुठल्या राज्यात होईल, हे आज सांगता येत नाही. पण त्यासाठी लागणारा पैसा आणि मोकळीक त्या राज्याकडे असेल की नाही, हे मात्र आत्ता घेतल्या जाणाऱ्या निर्णयांवर ठरणार आहे.