रेन ट्री कशाने मेला, हे आधी लिहा

मुंबईत रस्त्याकडेचं झाड वाळल्याचं लक्षात येतं ते बहुधा मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीच्या धांदलीत. मग झाड 'मृत व धोकादायक' ठरतं आणि करवत चालते. ते कशाने मेलं, हा प्रश्न लाकडाबरोबरच ट्रकमध्ये जातो.

उपनगरांतल्या रेन ट्रीचं असंच झालं. गेल्या दशकाच्या मध्यापासून घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड ते अंधेरी-बोरिवली, सगळीकडे हे डेरेदार वृक्ष वाळू लागले. मुख्य संशयित पिठ्या ढेकूण. विदर्भातल्या कापूसवाल्याला किंवा नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला ही कीड नव्याने सांगावी लागत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगावी लागते.

ओळख तशी सोपी आहे. कोवळ्या शेंड्यांवर, पानांखाली, सालीच्या खाचांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. कीड रस शोषते आणि गोड, चिकट द्रव सोडते. झाडाखाली उभ्या रिक्षांचं टप आणि गाड्यांच्या काचा त्याने चिकट होतात. पानांवर काळी बुरशी चढते. खोडावर मुंग्यांची रांग लागते, कारण त्या गोडीसाठी मुंग्या किडीची राखण करतात. उन्हाळ्याच्या तोंडी रेन ट्री एरवीही पानं गाळतो, तेव्हा नुसती उघडी फांदी हा पुरावा नव्हे. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेलं झाडही शेंड्याकडून वाळतं, पण त्यावर कापूस नसतो, खाली चिकटा नसतो. पुष्कळदा दोन्ही दुखणी एकाच झाडाला असतात.

ओळख उशिरा पटली की काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. तिथे २००२ साली डेट्रॉइटजवळ अ‍ॅशची झाडं पोखरणारा आशियाई हिरवा भुंगेरा सापडला. सालीवरचं इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचं छिद्र शोधायला तिथे सामान्य नागरिकांना शिकवलं गेलं. तरी कोट्यवधी झाडं गेली, कारण भुंगेरा सापडण्याआधी काही वर्षं निवांत पसरला होता.

आपल्याकडचा अनुभव जास्त आशादायक आहे. पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूरला आढळला. नेमक्या जातीची ओळख पटली, म्हणून २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तिच्यावरच जगणारी परोपजीवी गांधीलमाशी आणता आली आणि कीड आटोक्यात आली. पिठ्या ढेकणाच्या जाती अनेक आहेत. एकीचा शत्रू दुसरीवर चालेलच असं नाही. शिवाय क्रिप्टोलीमस या मित्रभुंगेऱ्याची अळीही तशीच पांढरी, मेणचट दिसते. न ओळखता फवारणी केली तर आधी तीच मरायची, आणि मेणाच्या कवचाखालचा ढेकूण वाचायचा. चार मजली उंचीवर, खाली शाळेची मुलं चालत असताना, फवारा तरी किती मारणार?

कुणी म्हणेल, रेन ट्री तरी कुठे इथला? तोही अमेरिका खंडातलाच, गेला तर देशी झाड लावा. जरूर लावावं. पण हा ढेकूण जास्वंद, पेरू, पपईवरही जगू शकतो. तोडलेल्या फांद्या उघड्या ट्रकमधून नेल्या, की पिल्लं वाटेवरच्या झाडांवर उतरायची भीती असते.

महापालिकेच्या २०१८ च्या गणनेत मुंबईत २९ लाखांहून अधिक झाडं मोजली गेली. मोजणी झाली, आता तपासणी हवी, आणि ती मे महिन्यात नव्हे. पावसात धुऊन जाणारी ही कीड कोरड्या दिवसांत फोफावते. उद्यान विभागाने डिसेंबर ते फेब्रुवारीत प्रत्येक वॉर्डात पाहणी करावी, नमुना कीटकशास्त्रज्ञाकडे पाठवावा आणि वाळलेलं झाड तोडण्याच्या परवानगीत मृत्यूचं कारण लिहिणं सक्तीचं करावं. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने पन्नाशी ओलांडलेल्या झाडांना वारसावृक्ष ठरवलं आहे. निदान त्यांच्यापासून तरी सुरुवात व्हावी.