र रत्नागिरीचा

मासिकाच्या मराठी विभागात लिहायची माझी ही पहिलीच वेळ. पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये गेल्यामुळे माझं मराठी म्हणजे घरात बोलून आणि आजीला पेपर वाचून दाखवून जमलेलं मराठी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने काढल्या असतीलच. पण एक गोष्ट त्यांना तपासावी लागली नसेल. या लेखात जिथे जिथे 'र' यायला हवा, तिथे तो आलेला आहे. हे मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे बोलताना माझ्या 'र'चा 'ल' होतो. वय वर्षं वीस, थर्ड इयर मेकॅनिकल, आणि राहतो कुठे? तर लत्नागिलीत!

हसलात ना? हसा. पहिल्यांदा सगळेच हसतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला बोलायचंय ते शंभराव्यांदा हसणाऱ्यांशी. आणि न हसता नुसते मार्क कापणाऱ्यांशीसुद्धा.

ज्याला 'र' येत नाही त्याने राहायला रत्नागिरीसारखं अवघड गाव नाही. रहाटाघर, मारुती मंदिर, मिरकरवाडा, राजिवडा, शिरगाव, मिऱ्या... पत्ता सांगायला तोंड उघडलं की 'र' समोर उभा! फर्स्ट इयरला स्टँडवरून येताना उतरायचं असायचं मारुती मंदिरला, पण मी रिक्षावाल्या काकांना 'साळवी स्टॉप' सांगायचो आणि तिथून उलटा चालत यायचो. कारण 'साळवी स्टॉप'मध्ये 'र' नाही. मेसमध्ये भाकरी हवी असली तरी चपाती मागतो. आणि कॉलेजात तर दर वाक्याच्या शेवटी 'सर' लावायचं असतं. मॅडम लोकांच्या तासाला मी जास्त शंका विचारतो, असं मित्र चिडवतात. खरं कारण आज छापून सांगतोय.

तसं बघितलं तर ही विनोदी गोष्ट आहे. पण सेकंड इयरच्या ओरलला विनोद संपला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्ट्रेसचा साधा प्रश्न विचारला. उत्तर तोंडपाठ होतं. रॉडवरचा लोड भागिले रॉडचा एरिया. माझ्या तोंडून आलं ते "लॉडवलचा लोड..." रॉड कुठला आणि लोड कुठला, काही कळेना. त्यांनी तीनदा "काय?" विचारलं. तिसऱ्यांदा शेजारच्या बॅचमधली मुलं हसली. पुढचा प्रश्न होता रेनॉल्ड्स नंबरचा. फॉर्म्युला येत होता, लॅमिनार-टर्ब्युलंटचे आकडे येत होते. आणि मी शांतपणे म्हणालो, "माहीत नाही."

येत असलेल्या गोष्टीला 'माहीत नाही' म्हणणं, हा या दोषाचा खरा त्रास. 'र' चुकतो ही त्यामानाने लहान गोष्ट झाली.

आता हे नक्की काय असतं ते सांगतो, कारण हॉस्टेलवर याबद्दल बरेच गैरसमज आहेत. याला तोतरेपणा म्हणत नाहीत. तोतरेपणात शब्द अडतो, एकच अक्षर पुन्हा पुन्हा येतं. माझं बोलणं अडत नाही, एक आवाज चुकीचा निघतो. हा उच्चारदोष. साधारण पाचव्या वर्षापर्यंत मुलांची बहुतेक व्यंजनं बसतात, 'र'सारखी अवघड व्यंजनं आणखी एक-दोन वर्षं घेतात. काही मुलांचं मात्र आठ-नऊ वर्षांनंतरही एखादं अक्षर सुधारत नाही आणि तसंच मोठेपणापर्यंत सोबत येतं. कुणाचा 'र', कुणाचा 'स', कुणाचा 'क' आणि 'ट'.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहराच्या परिसरातल्या सात हजारांहून जास्त मुलांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठ वर्षांच्या मुलांपैकी ३.६ टक्के मुलांमध्ये असे दोष टिकून असल्याचं दिसलं, आणि त्यात मुलींपेक्षा मुलगे जास्त. साठ मुलांच्या वर्गात दोन जण, असं समजा. मोठेपणी हा आकडा कमी होतो, पण शून्य होत नाही. त्याचा पुरावा तुमच्या मेसमध्ये चपाती मागतोय.

कारण काय? कधी कमी ऐकू येत असतं, कधी टाळू दुभंगलेला असतो, कधी जिभेखालचा पडदा आखूड असतो, कधी मेंदूकडून येणाऱ्या सूचनांमध्ये अडचण असते. पण माझ्यासारख्या बऱ्याच जणांमध्ये यातलं काहीच सापडत नाही. कान ठीक, जीभ ठीक, डोकंही (एटीकेटी सोडल्यास) ठीक! लहानपणी जिभेला एक चुकीची सवय लागली आणि ती पक्की झाली. यात आळस नाही, लाडावलेपण नाही, आणि बुद्धीचा तर काही संबंधच नाही.

आपण मेकॅनिकलवाले, म्हणून थोडं मेकॅनिझम सांगतो. साध्या मराठी 'र'मध्ये जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला फक्त एकदा, सेकंदाच्या दोन-तीन शतांश भागाएवढा वेळ लागतं आणि सुटतं. 'ल' म्हणताना टोक जवळपास तिथेच लागतं, पण टेकून राहतं आणि हवा दोन्ही बाजूंनी निघते. म्हणजे जागा तीच, फरक टायमिंगचा आणि हवेच्या वाटेचा. आणि लांबवलेला 'र्रर्र' असतो ना, त्यात तर जीभ आपण हलवतच नाही. टोक सैल धरायचं, हवेच्या झोतावर ते आपोआप फडफडतं, झेंड्यासारखं. फ्लुइड मेकॅनिक्समधला बर्नुली इथे भेटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. "जोर लावून म्हण की!" असं लोक सांगतात. जोर लावला की जीभ ताठ होते आणि 'र' आणखीच लांब पळतो.

घरगुती उपाय माझे सगळे करून झाले. आजीने वेखंड उगाळून जिभेवर लावलं. कुणी मेणबत्त्या फुंकायला सांगितल्या. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी डेमॉस्थेनिसची गोष्ट सांगितली. ग्रीसचा हा थोर वक्ता तोंडात खडे ठेवून बोलायचा सराव करायचा म्हणे. ती ऐकून मी बारा वर्षांचा असताना भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो होतो. पण भाट्याला सगळी वाळू, खडे मिळणार कुठे? (बरंच झालं, नाहीतर एखादा गिळला असता.) नुसतं फुंकणं, जीभ वळवणं, तोंडाचे व्यायाम करणं याने उच्चार सुधारतो याला अभ्यासांत आधार मिळालेला नाही. 'र' सुधारतो तो 'र' म्हणूनच.

डेमॉस्थेनिसची खरी गंमत मला नंतर कळली. रोमन वक्ता सिसेरो लिहितो की, ज्या विद्येचा तो अभ्यास करत होता तिचंच पहिलं अक्षर त्याला म्हणता येत नव्हतं. ती विद्या म्हणजे रेटरिक, वक्तृत्वकला. म्हणजे त्यालाही 'र'च येत नव्हता! दोन हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस मला एकदम रूममेटसारखा वाटायला लागला.

मागच्या वर्षी मामाने मला मुंबईत एका स्पीच थेरपिस्ट मॅडमकडे नेलं. त्यांनी आधी कानाची तपासणी करून घेतली. मग मोबाईलवर माझं बोलणं रेकॉर्ड करून मलाच ऐकवलं. मित्रहो, मी हादरलो. आयुष्यभर माझ्या डोक्यात मी 'र'च म्हणत होतो! स्वतःच्या बोलण्यातला तो 'ल' मला नीट ऐकूच येत नव्हता. म्हणून पहिला धडा जिभेचा नसतो, कानाचा असतो. दोन आवाजांतला फरक ओळखायला शिकायचा. मग मॅडमनी 'घोडा', 'गाडी' असे शब्द हलके म्हणायला लावले. दोन स्वरांमधला 'ड' म्हणताना जीभ झटकन लागून सुटते. तोच झटका जरा पुढे आणला की 'र' जवळ येतो. आधी सुटा आवाज, मग अक्षर, मग शब्द, मग वाक्य आणि शेवटी गप्पा. ही शिडी नवी नाही. चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन तज्ज्ञाने १९३९ सालच्या पुस्तकात अशी पायरीपायरीची पद्धत मांडली होती, आणि तो स्वतः तोतरा होता.

आता आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर सेशन असतं. हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री 'रा-री-रू' असा आवाज येतो तो माझा असतो, भुताचा नाही. आज सुटा शब्द दहापैकी आठ वेळा बरोबर येतो. घाईत गडबडतो. रागात तर विचारू नका. राग आला की मला 'लाग' येतो! म्हणजे विसाव्या वर्षीही सुधारणा होते, फक्त पाचव्या-सहाव्या वर्षापेक्षा जास्त घासावं लागतं.

मग इतकी वर्षं कुणी का नेलं नाही? आई-बाबांना दोष देत नाही. "मोठा झाला की येईल" हेच सगळे सांगत होते. आणि मी वाढलो त्या भागात स्पीच थेरपिस्ट नावाचा माणूस असतो हेच कुणाला माहीत नव्हतं. देशात सोयी नाहीत असं नाही. म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग १९६५ पासून आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. नायर हॉस्पिटलच्या कॉलेजमध्ये हा विषय शिकवतात. शाळकरी मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. पण तपासणीला जाताना "बोलतो जरा बोबडं" हे सांगण्यासारखं काही आहे, असं घरच्यांना वाटलं तर ना!

आपल्याकडे बोबड्या बोलांचं कौतुकही फार. ज्ञानेश्वरांनीसुद्धा बोबडं बोलणाऱ्या बाळाची आणि त्यावर खूश होणाऱ्या आईची उपमा दिली आहे. पण हे कौतुक तिसऱ्या वर्षापर्यंत. तेराव्या वर्षी त्याच बोलण्याची नक्कल होते. विनोदी नाटक-सिनेमात बोबडा नोकर म्हणजे हमखास हशा. २००९ च्या 'कमीने'त शाहिद कपूरचा चार्ली 'स'चा 'फ' करतो आणि तरी हिरो असतो, म्हणून तो सिनेमा मी किती वेळा पाहिलाय ते विचारू नका.

माझा एक मित्र म्हणतो, "बाबा, कॅम्पसला कंपन्या कम्युनिकेशन स्किल बघतात. जग काही तुझ्यासाठी थांबणार नाही." त्याचं चूक नाही. म्हणून तर गच्चीवर घसा कोरडा करतोय. पण कम्युनिकेशन म्हणजे काय? डोक्यातलं समोरच्याच्या डोक्यात पोचवणं. त्याला दोन माणसं लागतात. बोलणाऱ्याने जिभेला वळण लावायचं, तर ऐकणाऱ्याने दोन सेकंद कान द्यायला काय हरकत आहे?

मला सवलत नको आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व आहे, पण ते शारीरिक किंवा मेंदूच्या कारणाने झालेलं, कायमचं. माझा 'र' त्यात बसत नाही, बसायलाही नको. माझं मागणं अगदी स्वस्तातलं आहे.

सर आणि मॅडम, व्हायवाला एखाद्याचा शब्द कळला नाही तर त्याच्यापुढे कागद-पेन सरकवा. "लिहून दाखव" एवढंच म्हणा. येत असेल तर दिसेल, येत नसेल तर तेही दिसेल.

मित्रांनो, "एकदा रिक्षा म्हणून दाखव ना" हे बंद करा. फर्स्ट इयरला सिनियर्सनी हेच माझ्याकडून तासभर म्हणवून घेतलं होतं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात चिडवणंसुद्धा येतं. पण मला कायदा दाखवायचा नाही. माझं वाक्य पूर्ण होऊ द्या, कळलं नाही तर सरळ विचारा, बस्स.

घरी कुणाचा धाकटा भाऊ, पुतणी, भाची सहा-सात वर्षांची होऊनही एखादं अक्षर चुकवत असेल, तर "येईल आपोआप" म्हणून थांबू नका. आधी कान तपासा, मग थेरपिस्टला दाखवा.

आणि या हॉस्टेलवर माझ्यासारखा अजून कुणी असेल, जो हजेरीला 'येस सर'ऐवजी नुसता हात वर करतो, त्याला सांगतो, गच्चीवर ये. सुधारायचं असेल तर मिळून घासू. आणि आहे तसंच राहायचं ठरवलंस तरी ये, गप्पा मारू. फक्त गप्प बसू नकोस.

पुढच्या महिन्यात व्हायवा आहे. रेनॉल्ड्स नंबर विचारतीलच. तोंडून 'रेनॉल्ड्स' निघेल की 'लेनॉल्ड्स', त्याची गॅरंटी नाही. पण 'माहीत नाही' असं मात्र या वेळी म्हणणार नाही.