बाळराजांची सीट कुठली?

रविवारचा प्लॅन तसा फिक्स असतो. भाईंदर पश्चिमेचं ट्रॅफिक एकदा पार झालं, की मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी करत गाडी उत्तनला लागते. मिठागरं, बांबूंवर वाळणारे बोंबील, वेलंकनी माउलीचं चर्च आणि किनाऱ्याला लागलेल्या होड्या. मॉलमध्ये एस्केलेटरवर चढ-उतार करण्यापेक्षा हे केव्हाही झकास! पण घरात आठ महिन्यांचं बाळ असलं, की निघायच्या आधीच पार्किंगमध्ये परिषद भरते. बाळ बसणार कुठे?

आजी म्हणते, "माझ्या मांडीवर. तुझ्या बाबांना मी एसटीतनं असंच नेत होते." बाबा म्हणतो, "पुढे, माझ्या शेजारी. लक्ष राहतं." आई म्हणते, "मागेच. पण मधे की कडेला?" माया तिघांचीही खरी. पण ब्रेक लागतो तेव्हा माया उपयोगाला येत नाही, फिजिक्स येतं.

आधी मांडीचं बघू. गाडी ताशी ५० किलोमीटरने चाललीय आणि धडकून अर्ध्या मीटरात थांबली असं धरा. त्या क्षणी दहा किलोचं बाळ जवळजवळ २०० किलोच्या जोराने पुढे खेचलं जातं. आजीच काय, जिमला जाणारा काकाही ते धरून ठेवू शकत नाही. आणि आजीने बेल्ट लावला नसेल, तर तिचंही वजन बाळावरच येतं. 'उत्तनला तर जायचंय, कुठे हायवेवर चाललोय' हा युक्तिवादही टिकत नाही. ताशी ४० ची धडक म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखं आहे.

आता पुढची सीट. ती सरळ बाद! एअरबॅग मोठ्या माणसासाठी बनवलेली असते आणि पापणी लवायच्या आत प्रचंड वेगाने बाहेर येते. मागे तोंड केलेली बेबी सीट पुढे लावली, तर तिची पाठ नेमकी त्या एअरबॅगसमोर येते. चालू एअरबॅगसमोर अशी सीट कधीही लावायची नाही, हा नियम जगभर एकच आहे. थोडी मोठी मुलंही यातून सुटत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये वाशीत पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यावर दगावला. गाडीतल्या मोठ्यांना फारसं लागलं नव्हतं.

म्हणजे मागे. पण 'मागे बसलं की सेफ' हाही गैरसमजच. आपल्या काशिमिऱ्यावरून जातो तोच अहमदाबाद हायवे पुढे पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवरून जातो. तिथे ४ सप्टेंबर २०२२ ला सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी होती, ते मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता.

तर मधे की कडेला? कागदावर मधली जागा जिंकते. डावीकडून धडक बसो वा उजवीकडून, मधलं बाळ दोन्ही दारांपासून लांब असतं. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तीन वर्षांपर्यंतच्या सीटमधल्या मुलांना मधे बसल्यावर इजेचा धोका कडेपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी आढळला होता.

पण आपल्या हॅचबॅकचं काय? अनेक गाड्यांत मधली गादी अरुंद आणि उंचवट्याची, बेल्ट नुसता कमरेचा आणि आयसोफिक्सचे हूक फक्त दोन कडांना. हलणारी मधली सीट ही घट्ट बसलेल्या कडेच्या सीटपेक्षा वाईट. म्हणून हिशेब सोपा ठेवा. मधे तीन टोकांचा बेल्ट असेल आणि सीट तिथे घट्ट बसत असेल, तर मधे. नाहीतर मागे डावीकडे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून डावं दार फुटपाथकडे उघडतं. उत्तनच्या अरुंद रस्त्यावर मासळीचा टेम्पो आणि बाइक्स घासून जात असताना बाळाला उजव्या दारातून काढणं नकोच. आजी उजवीकडे, बेल्ट लावून. तिला तिथून बाळ दिसतंही आणि हातही पोचतो.

जागेइतकंच महत्त्वाचं म्हणजे बाळाचं तोंड. बाळाचं डोकं शरीराच्या जवळजवळ पाव भाग असतं आणि मान कोवळी. तोंड मागे असलं, की धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो. युरोपच्या नव्या नियमानुसार निदान १५ महिने तोंड मागेच हवं. त्यानंतरही सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेपर्यंत तसंच ठेवलेलं उत्तम. 'त्याला बाहेरचं दिसत नाही' ही तक्रार बाळाची नसते, आपली असते.

निघण्याआधी दोन मिनिटं:

– सीट बेल्टपाशी धरून हलवा. इंचभरापेक्षा जास्त हलली, तर पुन्हा बसवा.
– खांद्यावरच्या पट्ट्याला चिमटीत घडी पडते का बघा. पडली, तर पट्टा सैल आहे.
– दोन कडांचा एकेक हूक घेऊन मधे आयसोफिक्स सीट अडकवू नका. गाडीचं मॅन्युअल परवानगी देत असेल तरच.
– सेकंडहॅण्ड सीट घेताना ती अपघातातली नाही याची खात्री असेल तरच घ्या.
– किनाऱ्यावर उन्हात गाडी उभी केली असेल, तर बकल आधी हाताने चाचपा. आणि पाच मिनिटांसाठीसुद्धा बाळाला बंद गाडीत ठेवू नका.

कायदाही आहे बरं का! सप्टेंबर २०१९ पासून चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल, तर चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. पण पावतीच्या भीतीने कुणी सीट घेऊ नये. नवीन गाडी घेताना अलॉय व्हील्स आणि सनरूफसाठी आपण किती भाव करतो! त्याच यादीत एक प्रश्न टाका: मागे मधे बेल्ट कुठला आहे? आणि भारत एनकॅपमध्ये मुलांच्या सुरक्षेचे तारे वेगळे दिलेले असतात, तेही विचारा.

राहिली आजी. तिला पटवायचं काम सगळ्यात कठीण. त्यावर एकच उपाय. तिला सांगा, मांडी तुझीच, पण उत्तनला पोचल्यावर, किनाऱ्यावर. गाडीत मात्र बाळराजे आपल्या सिंहासनावर!